तो लाल रंग माझा होता

फोन वाजत होता, हातात अर्धा भरलेला फॉर्म होता आणि ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. परभणीकडचे शेतकरी, पस्तिशीचे असतील, चपला दाराबाहेर काढून आत आलेले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होता. तिच्या बोनमॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, नमुना सकाळी आमच्या प्रयोगशाळेत आला होता, पण फॉर्मवर उपचाराच्या दिवसाची जागा कोरी होती. ती कोरी असली की आमचं काम अडतं, कारण औषध सुरू होऊन किती दिवस झाले त्यावर पेशींचं रूप बदलत जातं. "पस्तिसावा," त्यांनी विचारल्याबरोबर सांगितलं. बोटं मोजावी लागली नाहीत. मी ताडून बघायला म्हणून मुलीची निदानाच्या वेळची जुनी फाइल उघडली आणि स्क्रीनवर ठिपक्यांची गर्दी उमटली. कडेला थोडे राखाडी, थोडे निळे, मूठभर हिरवे, आणि उरलेली सगळी जागा व्यापून बसलेला लालभडक थवा.

"ह्या लाल त्या वाईट का, ताई?"

"हो."

"आन् त्यांचा रंगच लाल असतो का?"

"हो," मी म्हणाले आणि फोन उचलला.

एवढंच बोलणं. त्यांनी मान हलवली, घरी जाऊन कुणाला तरी सांगायचं असलं की आपण मनात नीट बसवून घेतो तशी, सावकाश. चपला घातल्या आणि गेले. संध्याकाळी बदलापूर लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली होती, वारा होता, तरी मला तो 'हो' सोडेना. पहिला 'हो' बरोबर होता. दुसरा साफ खोटा. पेशीला रंग नसतो. रक्ताला लाली देणाऱ्या तांबड्या पेशी सोडल्या तर पांढऱ्या म्हणवणाऱ्या या पेशी खरं तर पांढऱ्याही नसतात, पाण्यात बुडवलेल्या भिजल्या साबुदाण्यासारख्या, जेमतेम दिसतील न दिसतील अशा. आणि स्क्रीनवरचा तो लाल तर आमच्या रसायनांचाही नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये रंगांच्या चौकोनांची एक पट्टी असते, तिच्यातला लाल चौकोन मी निवडला होता. ज्या घोळक्यावर नजर राहायला हवी त्याला मी नेहमी लाल देते. सगळेच देतात.

घाई होती हे खरं, पण पुरतं खरं नाही. यांना कुठे एवढं कळणार, असं आत कुठेतरी मला वाटलं होतं, आणि ते वाटणं मला त्या खोट्यापेक्षा जास्त टोचत होतं.

आमची खोली अंधारी असते. दुपारी दोनलासुद्धा पडदे ओढलेले, एकच मिणमिणता दिवा. नमुन्याची जांभळ्या बुचाची नळी हळूहळू उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. मॅरो काढताना सुईतून पहिल्यांदा ओढलेले थेंब आम्हाला हवे असतात, कारण दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत नुसतं रक्त मिसळत जातं आणि शोधायच्या पेशी पातळ होतात. डॉक्टरांनी आठवणीने पहिली ओढ आमच्यासाठी ठेवली असली की मी मनातल्या मनात त्यांना हात जोडते. मग बर्फाच्या डब्यातून बाटल्या निघतात, करंगळीच्या पेराएवढ्या. एकेकीत एकेक अँटीबॉडी, म्हणजे ठरलेल्या एकाच प्रथिनाला चिकटणारा रेणू, आणि तिच्या शेपटाला बांधलेला एकेक चमकणारा रंग. सीडी१९, सीडी१०, सीडी३४, सीडी३८, सीडी४५. हे सगळे पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूने उगवलेल्या प्रथिनांचे क्रमांक. पिपेटने ठरलेला थेंब सोडायचा, नळी फॉइलमध्ये गुंडाळायची, दिवा मालवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायचं. त्या अंधारात ज्याला जे चिकटायचं ते चिकटतं. नंतर तांबड्या पेशी फोडणारं द्रावण घातलं की इतका वेळ गढूळ असलेली नळी बघता बघता आरपार होते, थेट कोकम सरबतासारखी. इतकी वर्षं झाली, तो क्षण मी अजून चुकवत नाही.

पुढचं काम यंत्राचं. पेशी पाण्याच्या धारेतून एकामागोमाग एक अशा निघतात, लेझरच्या झोतासमोरून सेकंदाला हजारोंनी जातात. जिच्या अंगावर रंग चिकटलाय ती पळभर चमकते, ती चमक गाळण्यांमधून वेगळी होऊन मोजली जाते आणि आकडा होऊन कॉम्प्युटरात उतरते. पेशी पुढे टाकाऊ पाण्याच्या कॅनमध्ये पडते, तिथे ब्लीच असतं. म्हणजे ठिपका स्क्रीनवर उमटतो तेव्हा पेशी गेलेली असते. आणि ती चमक कुणीही डोळ्यांनी पाहिलेली नसते.

रंगाच्या बाबतीत इतकं हळवं व्हायला कारण माझे बाबा आहेत. ते लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी किरमिजी असत. रविवारी दगडाने घासूनही जात नसत. शेड जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही असं चाळीत म्हणत. मला आठवतं ते त्यांचं खिडकीशी जाणं. आईने साडीला ब्लाऊजपीस आणला की ते बल्बखाली बघतच नसत. "खिडकीपाशी ने" म्हणत, आणि दोन्ही कापडं दिवसाच्या उजेडात धरत. ट्यूबखाली जुळलेल्या दोन शेड उन्हात फटकून वेगळ्या निघतात हे मी शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडून शिकले. कापडावर जो रंग दिसतो तो थोडा कापडाचा, थोडा रंगाचा आणि थोडा उजेडाचा असतो असं ते सांगत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. बाबा परत खात्यात गेले नाहीत. काही वर्षं भिवंडीला एका डाइंगवाल्याकडे जात होते, पण नखं तशी रंगली नाहीत.

पुढे मी या कामात आले आणि कळलं की आमचा सगळ्यात जुना, सगळ्यात साधा रंग फ्लुरोसीन, तो मुळात रंगखात्याच्याच घराण्यातला आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी तो १८७१मध्ये बनवला. निळीची रचना उलगडून ती प्रयोगशाळेत बनवणारेही तेच. पाण्यात चिमूटभर टाकला की पोपटी चमक येते, अशी की एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. १८७७मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत मुरून गडप होतं तिथे हा रंग दहा किलो ओतला होता, आणि अडीच दिवसांनी मैलोगणती दूर आख नावाच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकायला लागलं. नदी आतल्या आत कुठे जाते ते असं कळलं. मला ही गोष्ट फार आवडते. आम्ही करतो ते याहून वेगळं नाही, फक्त नदीच्या जागी सहा वर्षांच्या मुलीचं रक्त असतं.

हा रंग अँटीबॉडीला बांधायची कल्पना हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांची, १९४१-४२च्या सुमाराची. अँटीबॉडी आपलं लक्ष्य शोधून त्याला चिकटते हे माहीत होतं, पण ती चिकटली कुठे ते दिसत नव्हतं. कून्स यांनी तिच्या पाठीवर कंदील बांधला म्हणा ना. त्यानंतर कितीतरी वर्षं माणसं अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून हिरव्या चमकणाऱ्या पेशी एक-दोन-तीन करत मोजत होती. स्टॅनफर्डचे लेन हर्झेनबर्ग त्याला कंटाळले. डोळे शिणत आणि आकड्यावर भरवसा राहत नसे. पेशी आकारावरून वेगळ्या करणारं एक यंत्र मॅक फुलवायलर यांनी लॉस अलामॉसला १९६५मध्ये बनवलं होतं. हर्झेनबर्ग यांनी त्याचे आराखडे आणले, सहकाऱ्यांना घेऊन त्याला चमक ओळखायला शिकवलं आणि १९६९मध्ये ते काम जगापुढे आलं. शिणलेल्या डोळ्यांतून निघालेलं यंत्र आहे हे. रात्री उशिरापर्यंत ठिपके बघून माझे डोळे चुरचुरायला लागतात तेव्हा मला त्या गृहस्थांची आठवण येते.

एकदा खोलीत मी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पेटवला, एका सांडलेल्या थेंबाचा माग काढायला. थेंब राहिला बाजूला, समोर उभ्या असलेल्या सहकारी मुलीचा धुतलेला ॲप्रन अंधारात निळसर पांढरा झगमगला. ती दचकली. मी मात्र आमच्या चाळीच्या मोरीत जाऊन पोचले होते. शेवटच्या बादलीत आई टिनोपॉलची चिमूट टाकायची आणि बाबांचं धोतर, माझे शाळेचे ब्लाऊज त्यातून बुचकळून काढायची. कपडे पांढरेशुभ्र होतात असं आम्ही समजत होतो. टिनोपॉल मळ काढत नाही, उन्हातला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट उजेड पिऊन निळा उजेड बाहेर टाकतं. कपडा तोच राहतो, चमक वरून दिलेली असते. आमच्या बाटल्यांतले रंगही हेच करतात, एका रंगाचा उजेड घेतात आणि दुसऱ्या रंगाचा परत करतात.

दुसरा एक रंग आहे, फायकोएरिथ्रिन. तोंड दुखतं म्हणून सगळे त्याला पीई म्हणतात. बाटलीत बघितला तर सुरेख गुलाबी, आणि लेझर पडला की नारिंगी पेटतो. हा कारखान्यात जन्मलेला नाही, लाल समुद्रशैवालातून काढतात. माझं आजोळ देवगडजवळ. ओहोटीला खडक उघडे पडले की त्यांवर तांबूस, बुळबुळीत केसांसारखं काहीतरी चिकटलेलं असायचं, पाय घसरायचा, मामी ओरडायची. त्या तांबूसपणाला अर्थ आहे हे फार उशिरा समजलं. खोल पाण्यात उन्हातला तांबडा उजेड पोचत नाही, निळा-हिरवा तेवढा झिरपतो. शैवालातलं हे प्रथिन तो उरलासुरला उजेड गोळा करतं आणि हरितद्रव्यापर्यंत पोचवतं. १९८२मध्ये ओय, ग्लेझर आणि स्ट्रायर या तिघांनी तोच उजेड गोळा करणारा रेणू अँटीबॉडीला बांधून दाखवला. बाबांच्या गिरणीचा भोंगा बंद पडला त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या शेजारी शेजारी राहतात.

आणि अँटीबॉडी येते उंदराकडून. आमच्या बहुतेक बाटल्यांवर अजून 'माऊस' असं छापलेलं असतं. उंदराला माणसाची पेशी टोचली की त्याचं शरीर तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५मध्ये उंदराच्या प्लीहेतली अँटीबॉडी बनवणारी एक पेशी कर्करोगाच्या एका पेशीशी जोडली, आणि त्या जोडीतून न मरणारी, एकच एक अँटीबॉडी पाझरत राहणारी पेशी निघाली. १९८४चं नोबेल त्यांना मिळालं ते त्यासाठीच. न मरण्याचा जो गुण कर्करोगात आपला जीव घेतो त्याच गुणावर आमची कर्करोग शोधणारी बाटली उभी आहे, हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

अशा अँटीबॉडी जगभर निघायला लागल्या तेव्हा नावांचा गोंधळ झाला. एकाच प्रथिनाला एका प्रयोगशाळेत टी४ म्हणत, दुसरीकडे ओकेटी४, तिसरीकडे ल्यू३. माहेरी एक नाव आणि सासरी एक, तशी गत. शेवटी १९८२मध्येच पॅरिसला सगळे जमले, बाटल्या ताडून पाहिल्या आणि क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्या टी४चा झाला सीडी४, आणि तो आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी बसला, कारण हे प्रथिन अंगावर असलेल्या पेशीच एचआयव्ही संपवत जातो. एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळायला लागली ती २००४पासून, त्या काळात मी सीडी४ मोजत असे आणि खिडकीशी आलेली माणसं "फोर वाढला का?" असं विचारत. पॅरिसमध्ये ठरलेला क्रमांक आणि सातारा-सांगलीकडच्या बायकांच्या तोंडचं 'फोर'. शब्द आमच्या खोलीतून बाहेर पडला की त्याचं काय होतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच दिवसांत एक गोष्ट शिकले ती विसरले नाही. काही धडधाकट माणसांच्या सीडी४ प्रथिनात जन्मतः एक बारीकसा फरक असतो, आणि ओकेटी४ नावाची ती जुनी अँटीबॉडी त्यांच्या पेशींना चिकटतच नाही. तिच्या हिशेबी त्या माणसांमध्ये या पेशी शून्य. त्याच प्रथिनाला दुसऱ्या जागी पकडणारी दुसरी अँटीबॉडी घाला, सगळ्या पेशी जागच्या जागी दिसतात.

चूक माझ्या हातूनही झाली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत, मी पीई-साय७ची बाटली टेबलावर उघड्या उजेडात ठेवून जेवायला गेले. हा जोडरंग असतो. पीई उजेड पितो, तो शेजारच्या साय७च्या ओंजळीत टाकतो आणि साय७ तो लांबच्या तांबड्यात बाहेर सोडतो. उजेड लागला की साय७ आधी मोडतो, मग पीई एकटाच नारिंगी चमकत राहतो. दुसऱ्या दिवशी एका नमुन्यात, असायला नको अशा ठिकाणी, नारिंगी घोळका उभा राहिला. मी तो खरा मानला होता. वरच्या मॅडमनी रिपोर्ट अडवला, बाटली मागवली, नवीन बाटलीने परत लावायला सांगितलं, आणि घोळका नाहीसा झाला. त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त फॉइलचा एक तुकडा फाडला, ती जुनी बाटली त्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

धड रंगसुद्धा एकमेकांना लागतात. नवी लाल साडी पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवली की बादलीचं जे होतं तेच. फ्लुरोसीनचा हिरवा आपल्या हद्दीत थांबत नाही, त्याचं शेपूट नारिंगीच्या गाळणीतही शिरतं. समजा शंभरातलं पंधरा शिरलं, तर नारिंगीतून तेवढं वजा करायचं. दहा रंग असले की प्रत्येकाचं प्रत्येकातून. त्याला आम्ही कॉम्पेन्सेशन म्हणतो. ते बिघडलं की लागलेला रंग अंगचा वाटायला लागतो. बाबा असते तर त्यांना हे समजावायला मला दोन वाक्यं लागली असती.

खरी कसोटी मात्र औषधानंतरच्या नमुन्यात असते. उपचार सुरू झाले की मुलीच्या मॅरोत नव्या, निरोगी बाल-पेशी उगवायला लागतात, आणि दिसायला त्या थेट त्या वाईट पेशींसारख्या. अंगावर तोच सीडी१९, तोच सीडी१०, अगदी लहान असतील तर सीडी३४सुद्धा. फरक चालीत असतो. निरोगी पेशी मोठ्या होताना एक-एक प्रथिन क्रमाने घेतात आणि टाकतात, त्यामुळे पडद्यावर त्यांची एक वळणदार वाट उमटते, पहिलीपासून चौथीपर्यंतची पोरं प्रार्थनेला रांगेने निघावीत तशी. वाईट पेशी त्या वाटेला सोडून कुठेतरी दाटीने बसतात. सीडी१० गरजेपेक्षा जास्त, सीडी३८ कमी, सीडी४५ फिका. त्यात औषधाने त्यांचं रूपही पालटतं, सीडी१० आणि सीडी३४ ओसरतात. म्हणून तर तो दिवस विचारावा लागतो. दहा हजारांत एक इतकं बारीक शोधायचं असतं, आणि तिथे निदान पन्नास ठिपक्यांचा घोळका दिसल्याशिवाय मी बोलत नाही, म्हणजे पाच लाख पेशी तर हव्यातच. आम्ही दहा लाख, जमलं तर त्याहून जास्त पेशी यंत्रातून पळवतो. त्या मुलीच्या पस्तिसाव्या दिवशीच्या नमुन्यात मला दहा हजारांत चार सापडल्या. रात्री साडेआठला मी त्यांच्याभोवती रेघ ओढली, सॉफ्टवेअरने रंग विचारला आणि मी लाल दाबला.

दोन-अडीच महिन्यांनी ते परत आले, या वेळी तिघंही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. औषधं वाढवली होती, आणि आता पुन्हा मॅरो. फॉर्म वडिलांनी स्वतः तपासून आणला होता, दिवसाची जागा ठळक अक्षरांत भरलेली. मुलीच्या डोक्याला ओढणी गुंडाळलेली, तोंडावर मास्क, डोळे तेवढे टपोरे. बरीच उतरली होती. मी सहज तिच्या आईला विचारलं, जेवते का नीट? आई म्हणाली, जेवती, भात-वरण खाती. आणि मग हळूच, शाबासकी मिळेल या अपेक्षेने म्हणाली, "बीट आन् डाळिंब मात्र पार बंद केलंय, ताई. टमाटंसुदिक. लाल वाढाय नको म्हणून."

मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

बाहेरच्या बाकावर मी त्या दोघांच्या मधोमध बसले. कामं होती, ती राहू दिली. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं बोलले. त्या पेशी लाल नाहीत. तो रंग मी दिला होता, मला ओळखू याव्यात म्हणून, कॉम्प्युटरवर. हिरवा दिला असता तरी चाललं असतं. खाण्यातल्या लालाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. वडील ऐकत होते. रागावले नाहीत. बराच वेळ पायाकडे बघून त्यांनी विचारलं, "मग त्याला रंगच नाय, तर वळखता कशावरून?"

तेव्हा मी सगळं सांगितलं, जसं आहे तसं. प्रत्येक पेशीच्या अंगावर वेगवेगळी प्रथिनं असतात, आमच्या बाटलीतली अँटीबॉडी त्यातल्या एकालाच चिकटते, दुसऱ्या कशाला नाही, आणि तिच्या शेपटाला चमकणारा रंग बांधलेला असतो.

"कामगंध सापळाच की," ते म्हणाले.

आणि मग ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी सापळे लावतात. त्यात ल्यूर म्हणतात ती गोळी ठेवायची, तिला मादीचा वास, आणि त्या वासाला फक्त त्याच जातीचा नर पतंग येतो, बाकी शेतभर किडे असले तरी एक फिरकत नाही. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली. २०१७ला त्यांचं सगळं पीक अळीनं खाल्लं होतं, त्यानंतर ते शिकले. "पण ताई," ते म्हणाले, "सापळ्यात पतंग नाय म्हणून बोंड साफ हाय असं धरता येत नाय. अळी आत असती, बोंड वरून हिरवंगार. फोडूनच बघाव लागतं. एकरात वीस बोंडं फोडायची. समदं शेत कोण फोडंल?"

मी म्हटलं, तसंच आहे. म्हणून तर नुसत्या रक्तावर भागत नाही, मॅरो काढावा लागतो. ते फोडलेलं बोंड. आम्ही दहा लाख पेशी बघतो, पण तिच्या अंगात त्याहून कितीतरी पटीने आहेत. या वेळी नाही दिसल्या, तर त्याचा अर्थ एवढाच की दहा हजारांत एकापेक्षा कमी आहेत. नाहीत असं मी म्हणू शकत नाही. हे बोलताना माझा आवाज थोडा कापला, कारण आई माझ्याकडे बघत होती. वडिलांनी मान हलवली, पहिल्या वेळेसारखीच, सावकाश. "म्हणजे पुन्हा बघाव लागंल," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

मुलगी इतका वेळ काचेतून आत बघत होती. बर्फाच्या डब्यात पीईची बाटली होती. मी ती काचेच्या आतल्या बाजूने उचलून क्षणभर धरली, लगेच परत ठेवली. "गुलाबी," ती मास्कमधून म्हणाली. मी सांगितलं, समुद्रातल्या शेवाळातून काढतात. समुद्र तिने दादरला आल्यावर पहिल्यांदा पाहिला होता. पाण्यात उतरू दिलं नाही अशी तिची तक्रार होती.

घड्याळ वाजलं, आतल्या नळ्यांची वीस मिनिटं भरली होती. मी उठले तशी आईने माझ्या ॲप्रनची बाही धरली.

"मग बीट देऊ का?"

"द्या. डॉक्टरांना विचारा, आणि शिजवून द्या."

"आन् डाळिंब?"